बडोद्यात घरोघरी सौर पॅनेल बसत असताना काकरापारच्या अणुवीज केंद्राची गरज उरते का?

होय, उरते, कारण आपल्या गच्चीवरील पॅनेल आणि काकरापारची अणुभट्टी ही दोन्ही वीजच देत असली, तरी ती दिवसाच्या सारख्याच वेळी देत नाहीत. काकरापारला 220 मेगावॉटच्या दोन आणि 700 मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या आहेत. त्यांपैकी 700 मेगावॉटची एक अणुभट्टी क्षमतेच्या 85 टक्के चालली असे धरले, तर ती दिवसाला सुमारे 1.4 कोटी युनिट वीज देते. तेवढीच वीज क्षमतेच्या सरासरी 20 टक्के उत्पादन देणाऱ्या सौर पॅनेलांकडून हवी असल्यास जवळजवळ 3,000 मेगावॉटची पॅनेल लागतील, आणि तीही सूर्य मावळल्यावर, म्हणजे नेमके बडोदेकर पंखे-एसी लावून जेवायला बसतात तेव्हा, मोठ्या बॅटऱ्यांवाचून निरुपयोगी ठरतील. कार्बन उत्सर्जनाच्या हिशेबात दोन्ही कोळशापेक्षा कितीतरी सरस आहेत; तेथे वाद घालण्यात अर्थ नाही. अणुऊर्जेची खरी अडचण वेळ आणि भांडवल ही आहे: काकरापारच्या तिसऱ्या अणुभट्टीचे बांधकाम 2010 मध्ये सुरू झाले आणि व्यावसायिक उत्पादन 2023 मध्ये, तर गच्चीवरचे पॅनेल काही दिवसांत उभे राहते. वापरलेल्या इंधनाची दीर्घकाळ निगराणीही करावी लागते. त्यामुळे बॅटऱ्या पुरेशा स्वस्त झाल्या, तर माझे हे उत्तर नव्या अणुभट्ट्यांबाबत बदलू शकेल. बांधून झालेल्या अणुभट्ट्या मात्र चालवत राहणेच शहाणपणाचे आहे.