आजीची ड्यूटी बंद करू नका

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. मूळ डिचोलीच्या. मुलगा यंदा बारावीत, त्यामुळे घरात कॉलेजशिवाय दुसरा विषय नाही. प्रश्न बरेच विचारलेत पण मी त्यातल्या एकालाच धरून बसणार आहे.

त्या लिहितात, "एसएटीला (इथली कॉलेज प्रवेशाची परीक्षा) १६०० पैकी १४९० आहेत. बाकीच्यांच्या मुलांचं स्वतःचं नॉन-प्रॉफिट आहे, रिसर्च पेपर आहे, आमच्याकडे दाखवायला काहीच नाही. त्यात स्ट्रोकनंतर सासूबाईंना इथे आणलंय, तो शाळेतून आला की दोन तास त्यांच्यातच जातात. ते बंद करून कन्सल्टंटकडून एखादा प्रोजेक्ट करून घ्यावा का?"

अहो ताई, दाखवायला काहीच नाही असं कसं म्हणता? कॉमन ॲपचा, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक प्रवेश अर्जाचा, फॉर्म उघडून बघा. ॲक्टिव्हिटीजच्या दहा जागा असतात, प्रत्येकीची कॅटेगरी निवडायची असते, आणि त्या यादीत डिबेट, म्युझिक, रोबोटिक्सच्याच रांगेत 'फॅमिली रिस्पॉन्सिबिलिटीज' आहे, पगारी कामही आहे. आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे विचारतात आणि वर्णनाला फक्त १५० अक्षरं. तिथे "आजीची काळजी घेतो" एवढंच लिहून सोडू नका, काय करतो ते लिहू दे: गोळ्या देतो, हाताचे व्यायाम करून घेतो, डॉक्टरकडे मराठीतून इंग्रजीत सांगतो. ॲडमिशन ऑफिसात बसलेल्या माणसाने विकतचे प्रोजेक्ट भरपूर बघितलेत हो. २०१६ मध्ये हार्वर्डच्याच शिक्षणशास्त्र शाखेतल्या गटाने अहवाल काढून सांगितलं होतं की घरची जबाबदारी उचलणाऱ्या मुलांची कॉलेजांनी दखल घ्यावी.

मी हे आमच्या घरात बघितलंय. माझी मुलगी हायस्कूलच्या सुट्ट्यांत औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची, तेव्हा आपल्याच ओळखीतल्या बायका म्हणायच्या की एवढी हुशार पोर आणि तिला दुकानात काय उभी करता. तिने निबंध त्यावरच लिहिला, ६५० शब्दांत एक म्हातारे गृहस्थ जे रोज तीच चौकशी करायला यायचे आणि ती रोज तेच उत्तर कसं द्यायची. स्टेट युनिव्हर्सिटीत ऑनर्सला गेली, आणि मुलाखतीत तिला त्या गृहस्थांबद्दलच विचारलं. आणि फोंड्याला माझा थोरला भाऊ शाळेत जायच्या आधी दुकान उघडून साखर तोलायचा, मग फर्मागुडीला इंजिनीअरिंग केलं, आज त्याच्या हाताखाली माणसं आहेत आणि माणसं कशी सांभाळायची हे तो त्या तागडीपाशीच शिकला. आपण सगळे अशाच घरांतून आलोत ना? मग परदेशात गेल्यावर घरच्या कामाची लाज का वाटायला लागते?

आता थोडं रागावते. पत्र दोन पानी आहे आणि त्यात मुलाचं म्हणणं एका ओळीतसुद्धा नाही. त्याला आजीजवळ बसणं आवडतं का? विचारा आधी. आवडत असेल तर हात लावू नका. आणि त्याची झोप किंवा मार्क जात असतील तर तुम्ही दोघांनी आठवड्यातले दोन दिवस घ्या, कारण ग्रेड पहिल्या, बाकी सगळं नंतर. निबंधात आजीची दया येईल असं काही लिहायला लावू नका एवढं मात्र सांभाळा.

बाकीचं पटकन. १४९० चांगले आहेत. एमआयटी, हार्वर्ड, ब्राऊन, डार्टमथ यांनी टेस्ट परत सक्तीची केलीय, कॅलिफोर्नियाची यूसी कॉलेजं स्कोअर बघतच नाहीत, म्हणून आधी यादी करा आणि मगच परत परीक्षेला बसवायचं का ते ठरवा. अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला आधी केलेला अर्ज, बंधनकारक असतं, निवड झाली की तिथेच जायचं; बहुतेक ठिकाणी मुदत १ नोव्हेंबर, म्हणून सही करायच्या आधी कॉलेजच्या वेबसाइटवरचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर (आपल्याला खर्च किती येईल याचा अंदाज देणारा) नवरा-बायकोने एकत्र बसून भरा.

आणि शेवटचं, "नाहीच जमलं तर गोव्यात बिट्सला (इंजिनीअरिंग) किंवा जीएमसीला (गोवा मेडिकल कॉलेज) बघू का?" गोवा म्हणजे उरलंसुरलं ठेवायची जागा नव्हे ताई, इथली मुलंही रात्रंदिवस घासतात, मी चवथीला घरी आलेय आणि माझी भाची समोर नीटची पुस्तकं घेऊन बसलीय. शिवाय केंद्र सरकारच्या ४ मार्च २०२१ च्या नोटिफिकेशननंतर ओसीआय कार्डवाल्या, म्हणजे परदेशी नागरिकत्वाच्या भारतीय वंशाच्या, मुलांना एनआरआय किंवा जादाच्या जागाच मिळतात, ज्यांचं कार्ड त्याआधीचं आहे त्यांचा भारतीय मुलांच्या बरोबरीने जागा मिळवायचा जुना हक्क सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये राखला. तेव्हा मुलाचं कार्ड काढून तारीख बघा आणि मला कळवा.