अंगठीतला हिरा आणि त्याचं पाणी

तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. साखरपुडा ठरलेला असतो, अंगठी घ्यायची असते, आणि सराफाकडे दोन-दोन तास बसूनही कोणता हिरा घ्यावा ते उमगलेलं नसतं. मी सव्वीस वर्षं हिरे निवडण्याचं काम केलं, आधी ऑपेरा हाऊसला, नंतर वांद्रे-कुर्ला संकुलात. आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेते आहे.

अर्ध्या कॅरेटचे दोन हिरे पाहिले. पहिला व्हीव्हीएस-१, रंग ई, कट 'गुड'. दुसरा व्हीएस-२, रंग एच, कट 'एक्सलंट'. भाव जवळपास सारखाच. घरचे म्हणतात पहिला घे, तो जास्त शुद्ध आहे. पण मला दुसराच जास्त चमकताना दिसतो. माझं काही चुकतंय का? (डोंबिवली)

काही चुकत नाही. दुसरा घ्या.

व्हीव्हीएस-१ आणि व्हीएस-२ हे शुद्धतेचे दर्जे, त्यांतला पहिला वरचा. रंग डीपासून मोजतात, अक्षर जितकं पुढचं तितका हिरा पिवळसर. कट म्हणजे पैलू किती नेमक्या कोनांत पाडले आहेत ते. शुद्धता ठरवतात ती दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली, ज्याला आमच्या बाजारात आयग्लास म्हणतात. व्हीएस-२ हिऱ्यातला डाग भिंगाखालीही शोधावा लागतो, नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. ई आणि एच रंगांतला फरक आम्ही हिरा पांढऱ्या कागदावर उलटा ठेवून, कडेनं पाहून ओळखतो. तोच हिरा अंगठीत सरळ बसला की हा फरक जवळजवळ जाणवत नाही, पिवळ्या सोन्यात तर मुळीच नाही. कट मात्र लांबूनही दिसतो. हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मावशीला हिऱ्याचा रंग कळणार नाही, तो लखलखतोय हे कळेल.

कारण साधं आहे. हिरा स्वतः उजेड देत नाही, घेतलेला परत करतो. वरून आत शिरलेला किरण तळाच्या पैलूवर आदळतो. पैलूला काटकोन करणाऱ्या रेषेपासून तो साडेचोवीस अंशांपेक्षा जास्त कलून आला तर बाहेर पडू शकत नाही, आरशावरून फिरावा तसा आतल्या आत वळतो. काचेसाठी हाच आकडा ४१ अंशांच्या आसपास आहे. म्हणजे किरणाला आत अडवून धरण्याची हिऱ्याची ताकद काचेच्या कितीतरी पुढे आहे. पण पैलूंचे कोन चुकले तर ती वाया जाते आणि उजेड खालून गळून जातो. कोणते कोन बरोबर, याचं गणित मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये मांडलं. वरच्या भागाला ३४.५ अंश आणि खालच्याला ४०.७५ अंश हे त्यांचे आकडे. सुरतेच्या घंटीवर, म्हणजे पैलू पाडायच्या चाकावर, वरच्या भागाला मथाळा म्हणतात आणि खालच्याला तळिया. शंभर वर्षांनंतरही चांगला गोल हिरा या आकड्यांच्या जवळपासच असतो.

सर्टिफिकेटवर हे कोन लिहिलेले असतात. तळिया ४०.६ ते ४१, मथाळा ३४ ते ३५, टेबल म्हणजे वरचा सपाट पैलू व्यासाच्या ५४ ते ५८ टक्के, खोली व्यासाच्या ६० ते ६२.५ टक्के असेल तर तो हिरा जरूर हातात घेऊन पाहा. 'एक्सलंट' शेरा मिळालेल्या सगळ्याच हिऱ्यांचं तेज सारखं नसतं, तो पट्टा बराच रुंद आहे.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या शेठनी मला उत्तरेकडच्या खिडकीपाशी बसवलं होतं. तिथे दिवसभर ऊन थेट येत नाही, उजेड एकसारखा राहतो. पांढऱ्या कागदाची पन्हळीसारखी घडी घालून तिच्यात दोन हिरे शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही पन्नास सेंटचे, म्हणजे अर्ध्या कॅरेटचे, रंग तोच, शुद्धता तीच. त्यांनी विचारलं, "कोणता मोठा?" मी एकावर बोट ठेवलं. दोघांचं वजन सारखंच होतं. एकाचा व्यास ५.१ मिलिमीटर, दुसऱ्याचा ४.९. दुसऱ्याची खोली ६६ टक्के आणि कंबर, म्हणजे मथाळा आणि तळिया यांच्यामधली कड, जाड; म्हणजे वजन पोटात दडलेलं. त्याच्या मध्यभागी काळोखा ठिपका होता, कारण तिथला उजेड परत येतच नव्हता. तळ फार उथळ असला तर उलटं होतं, टेबलाच्या आत माशाच्या डोळ्यासारखं राखाडी कडं दिसतं. या दोन खुणा एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. सराफाला मुद्दाम असा एखादा हिरा दाखवायला सांगा, तुलनेशिवाय डोळा तयार होत नाही.

पैसे वाचवायचे असतील तर वजनात वाचवा. भाव अर्धा कॅरेट, नव्वद सेंट, एक कॅरेट अशा टप्प्यांवर उडी घेतो. उत्तम कटचा एक कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटरचा असतो, नव्वद-पंच्याण्णव सेंटचा जेमतेम पाव मिलिमीटरनं लहान. बोटावर कोणाला ते कळणार?

दुकानात अंगठी पाहून डोळे दिपले होते. साखरपुड्यानंतर दोन महिन्यांत ती काचेसारखी मंद दिसायला लागली. आम्ही फसलो का? (सातारा)

ताई, आधी अंगठी धुऊन पाहा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, अंगठी वीस मिनिटं बुडवून ठेवा, मग लहान मुलांच्या मऊ ब्रशनं हिऱ्याच्या खालच्या बाजूनं घासा. वरून नव्हे, खालूनच. शेवटी साध्या पाण्यात धुऊन सुती कापडावर ठेवा. हे बेसिनवर करू नका, वाटीत करा. अंगठीत मोती किंवा पाचू असेल तर हा उपाय नको.

हिऱ्याला पाणी चिकटत नाही, पण स्निग्ध पदार्थ लगेच चिकटतात. दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या खाणींत याच गुणाचा उपयोग करत. खडीचा चुरा पाण्याबरोबर ग्रीस फासलेल्या उतरत्या पाटांवरून सोडत, दगड वाहून जात आणि हिरे ग्रीसला चिकटून राहत. तुमच्या स्वयंपाकघरात रोज तेच होतं. कणकेच्या गोळ्यातलं तेल, तूप, हातांना लावायचं क्रीम यांचा थर हिऱ्याच्या पाठीवर बसतो आणि आतून वळणारा उजेड तिथून निसटायला लागतो. कणीक मळताना अंगठी काढून ठेवावी. मी ओट्यापासून लांब, देवघरातल्या वाटीत ठेवते.

धुऊनही फरक पडला नाही तर मात्र दोष दुकानातल्या दिव्यांचा. सराफाच्या काउंटरवर छोटे, प्रखर दिवे असतात. त्यांच्याखाली बेताच्या कटचा हिराही रंगांच्या ठिणग्या उडवतो. खरी परीक्षा पसरलेल्या मवाळ उजेडात होते. अंगठी घेऊन दाराशी जा, खांबाच्या सावलीत उभ्या राहा, हात सावकाश फिरवा. चांगला हिरा तिथेही पांढराशुभ्र आणि जिवंत दिसतो, आणि हात हलला की त्यातले उजळ-काळे तुकडे जागा बदलत राहतात. पावसाळी, ढगाळ दुपार हिरा पाहायला सगळ्यात उत्तम. दाराशी न्यायला जो सराफ नाही म्हणेल, त्याच्याकडे घेऊ नका.

सर्टिफिकेटवर 'फ्लुरोसन्स: स्ट्राँग ब्ल्यू' असं आहे. एक सराफ म्हणतो हा ब्ल्यू जागर, म्हणून महाग. दुसरा म्हणतो यालाच सूट मिळते. खरं काय? (कोल्हापूर)

दुसरा बरोबर आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या यागर्सफाँटेन (इंग्रजी स्पेलिंग 'जे'पासून) खाणीतून निळसर झाक असलेले सुंदर हिरे येत, त्या नावावरून आपल्याकडे 'ब्ल्यू जागर' शब्द रुळला आणि जुन्या कुड्यांबरोबर घराघरांत पोचला. अतिनील किरणांत काही हिरे निळे उजळतात, तेच फ्लुरोसन्स; उन्हातही ती झाक जाणवते. पण आज कोणत्याही निळ्या झाकेच्या हिऱ्याला हे नाव चिकटवतात. घाऊक बाजारात स्ट्राँग फ्लुरोसन्सच्या हिऱ्याला, विशेषतः डी ते जी रंगांत, कमी भाव मिळतो.

तरीही असा हिरा वाईट ठरत नाही. १९९७ मध्ये जीआयए या हिरे तपासणाऱ्या अमेरिकी संस्थेनं लोकांसमोर हिरे ठेवून तपासलं, तेव्हा सामान्य माणसाला फ्लुरोसन्समुळे फरक जाणवत नव्हता. आय-जे रंगाचा हिरा तर थोडा अधिक पांढराही वाटू शकतो. फक्त एक पाहा. थोड्या हिऱ्यांत यासोबत दुधी धुरकटपणा असतो. उन्हात धरल्यावर हिरा साय धरल्यासारखा वाटला तर सोडून द्या. नितळ दिसला तर सूट मागून खुशाल घ्या.

आम्हा दोघांनाही लॅबमधला हिरा घ्यायचा आहे. होणाऱ्या सासूबाई म्हणतात, "खोटा हिरा साखरपुड्याला नको." त्यांना काय सांगू? (पुणे)

सासूबाईंना सांगा की तो खोटा नाही. खोटा म्हणजे अमेरिकन डायमंड, म्हणजे झिरकोनिया. ते वेगळंच द्रव्य आहे. हिऱ्यासारखं दिसणारं मोइसनाइटही वेगळं. त्यातून तिरकं पाहिलं की मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, आणि त्याचे रंग हिऱ्यापेक्षा भडक असतात. लॅबमधला हिरा मात्र कार्बनचाच असतो. एकतर प्रचंड दाब आणि तापमानात केलेला, म्हणजे एचपीएचटी, नाहीतर वायूतून थरावर थर वाढवलेला, म्हणजे सीव्हीडी. सराफाचं हिरा तपासायचं, उष्णतेवर चालणारं पेन त्याला हिराच म्हणतं. खाणीतला की लॅबमधला, हे प्रयोगशाळेतली यंत्रं सांगतात.

मात्र त्यांच्या काळजीत एक रास्त मुद्दा आहे, तो टाळू नका. उत्पादन वाढत गेलं तसे गेल्या काही वर्षांत लॅबमधल्या हिऱ्यांचे भाव कोसळले. मोडायला गेलात तर फार थोडं हाती येईल. खाणीतल्या हिऱ्यालाही घट लागतेच, तो सोन्यासारखा मोडता येत नाही. अंगठी ठेव म्हणून घेत असाल तर दोन्ही चुकीचे. हातात घालायला घेत असाल तर त्याच पैशात लॅबचा मोठा आणि उत्तम कटचा हिरा मिळतो, आणि तो घेण्यात कमीपणा नाही. माझ्या भाचीनं तोच घेतला, मीच निवडून दिला.

निवडताना दोन गोष्टी पाहा. काही सीव्हीडी हिऱ्यांत फिकट तपकिरी झाक किंवा धूसरपणा असतो, काही एचपीएचटी हिऱ्यांत निळसर झाक. सर्टिफिकेटवर रंगाचा शेरा चांगला असला तरी पांढऱ्या कागदावर ठेवून पाहाच. आणि कट इथेही तितकाच महत्त्वाचा. लॅबचा म्हणून त्याला तेज आपोआप येत नाही.

तिला ओव्हल आवडतो. गोल हिऱ्याचे आकडे यालाही चालतील? (नागपूर)

नाही. ओव्हल, पेअर, मार्कीज या लांबट आकारांना जीआयए गोल हिऱ्यासारखा कटचा शेरा देत आलेली नाही, त्यामुळे इथे डोळ्यांवरच भिस्त. या आकारांत मधोमध आडवी काळी सावली पडते, बो-टायसारखी. थोडी सावली सगळ्यांतच असते. हिरा डावीकडे-उजवीकडे कलता केल्यावर ती मिटत-उमटत राहिली तर ठीक. काळी पट्टी जागची हललीच नाही तर तो नको. फोटोवरून हे कळत नाही, व्हिडिओ मागवा आणि तो साध्या उजेडातला असू द्या.

बिलावर काय काय असावं? (ठाणे)

हिऱ्याचं वजन, रंग, शुद्धता आणि सर्टिफिकेटचा नंबर; सोन्याचं निव्वळ वजन आणि कॅरेट वेगळं; घडणावळ वेगळी; वर तीन टक्के जीएसटी. हिऱ्याच्या अंगठीला बहुधा १८ कॅरेट सोनं घेतात, त्यावर ७५० चा हॉलमार्क आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपवर तपासा. बऱ्याच हिऱ्यांच्या कंबरेवर सर्टिफिकेटचा नंबर लेझरनं कोरलेला असतो. आयग्लास मागून तो तुम्ही स्वतः वाचा. २२ कॅरेटचा हट्ट धरू नका. ते सोनं मऊ, हिऱ्याला धरणारे काटे वाकतात आणि हिरा कधी पडला ते कळतही नाही.

आजीच्या कुड्यांपैकी एक हरवली, एक उरली. तिच्यातला मधला हिरा मुलाच्या साखरपुड्याच्या अंगठीत घ्यायचा आहे. सराफ म्हणतो, जुना आहे, नव्यानं पैलू पाडा म्हणजे चमकेल. मन होत नाही. (मडगाव)

मन होत नाही तर पाडू नका.

अशा जुन्या हिऱ्याचे पैलू कारागिरानं डोळ्याच्या अंदाजानं पाडलेले असतात. मथाळा उंच, टेबल लहान, आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं वर्तुळ दिसतं, ते तळाचं टोक सपाट केल्यामुळे. आजच्या हिऱ्याचे बारीक तुकडे चमचमतात. याचे पैलू मोठे, त्यामुळे चमकही मोठी आणि संथ येते, आणि रंग जास्त दिसतात. समईच्या उजेडात धरून पाहा, मी काय म्हणते ते कळेल.

नव्यानं पैलू पाडले तर वजन किती जातं याचं उदाहरण आपल्या जवळचंच आहे. त्र्यंबकेश्वरच्या देवळातला नासक हिरा १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा तो सुमारे ९० कॅरेटचा होता. लंडनला पैलू सुधारले तेव्हा ७८ आणि काही अंश उरला. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी तो पुन्हा घडवला, आणि आज तो ४३.३८ कॅरेट आहे. तेज वाढलं, पण निम्म्याहून जास्त हिरा गेला. तुमचा तर मुळात लहान असणार.

आधी तो नुसता काढून धुऊन घ्या. जुन्या कुड्यांत बरेचदा पाठ बंद असते, आत वर्षानुवर्षांचा साबण आणि मळ साचतो आणि हिरा मेल्यासारखा दिसतो. कडेला टवका उडाला असेल तर तेवढीच कड घासून सारखी करता येते. अंगठी करताना काट्यांऐवजी सोन्याची पट्टी चहूबाजूंनी वळवून घ्या म्हणजे जुनी पातळ कड सांभाळली जाईल, आणि पाठ उघडी ठेवायला सांगा.

हिरा काढायचं काम समोर बसून करून घ्या. निघाल्यावर लगेच त्याचं वजन आणि मिलिमीटरमधलं माप कागदावर लिहून सराफाची सही घ्या, फोटो काढा. कुडीतले बाकीचे खडे मोजून पुडीत बांधून घरी आणा. त्यांचं सुनेसाठी पेंडंट होईल.