जॉनीची बाजू ऐकायला ३४ वर्षं

मागच्या अंकात 'कोब्रा काई' या मालिकेबद्दल मी जाता जाता चार ओळी लिहिल्या आणि या वेळचं निम्मं टपाल त्यावरच आलं. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते. १९८४ च्या 'द कराटे किड' या हॉलिवूडपटात डॅनियल लारुसो हा नवखा मुलगा म्हाताऱ्या मियागींकडे कराटे शिकतो आणि स्पर्धेच्या शेवटच्या लढतीत 'कोब्रा काई' क्लासच्या जॉनी लॉरेन्सला हरवतो. तेच दोघे पन्नाशीत पुन्हा समोरासमोर येतात, ती ही मालिका. नटही तेच, राल्फ माचियो आणि विल्यम झॅबका. २०१८ मध्ये ती यूट्यूबवर सुरू झाली, २०२० मध्ये नेटफ्लिक्सवर गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ६५ व्या एपिसोडला संपली.

ताई, माझ्यात आणि मुलात रोज वाद होतो. मी सिनेमा शाळेत असताना व्हीसीआरवर पाहिला, त्यामुळे माझा हिरो डॅनियल. मुलगा म्हणतो, डॅनियलची शेवटची लाथ नियमात बसत नव्हती, खरा विजेता जॉनी. तुम्ही पंच म्हणून काम करता, निकाल द्या. (एक वाचक, सांगली)

निकाल देते. त्या स्पर्धेच्या नियमांप्रमाणे गुण बरोबर होता. सिनेमातच डॅनियलची मैत्रीण अ‍ॅली डॅनियलला समजावते की कमरेच्या वर कुठेही मारलंस तरी गुण मिळतो, डोकंसुद्धा त्यात आलं. शिवाय जॉनी स्वतः त्या लाथेवर धावून गेला, हेही बघा. आजच्या वर्ल्ड कराटे फेडरेशनच्या नियमांत डोक्याकडे गेलेल्या लाथेला सर्वाधिक, म्हणजे ३ गुण आहेत, पण तिच्यावर ताबा हवा. आज माझ्या मॅटवर कुणी इतक्या जोरात मारलं असतं, तर मी गुण न देता दंड दिला असता.

पण तुमच्या मुलाला गप्प बसवू नका. तो जे म्हणतोय त्यात तथ्य आहे. सिनेमातला समुद्रकिनाऱ्यावरचा प्रसंग पुन्हा लावा. रेडिओ मोडणारा आणि डॅनियलला ढकलणारा जॉनीच आहे, पण पहिला ठोसा डॅनियलचा आहे. हॅलोविनच्या रात्री बाथरूममध्ये पाण्याचा पाइप सोडून कळ काढणाराही डॅनियलच. मालिकेत जॉनी हीच गोष्ट आपल्या बाजूने सांगतो तेव्हा मी टीव्हीपुढे उठून उभी राहिले होते. सिनेमा मी नऊ-दहा वर्षांची असताना गिरगावात शेजाऱ्यांनी भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर पाहिला. तेव्हापासून जॉनी म्हणजे वाईट मुलगा, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं. त्याची बाजू कुणी मांडायला ३४ वर्षं लागली.

आणि खरा गुन्हेगार कोण, ते पहिल्याच सिनेमात दिसतं. उपांत्य फेरीत डॅनियलचा पाय जायबंदी करायला 'कोब्रा काई' क्लासचे क्रीस सर बॉबी या आपल्या विद्यार्थ्याला सांगतात. अंतिम फेरीत त्याच पायावर मार, असं जॉनीला सांगतात, तेव्हा जॉनीचा चेहरा बघा. जॉनीला ते पटलेलं नाही, पण सरांना नाही म्हणायला तो शिकलेलाच नाही. १९८६ च्या दुसऱ्या भागाची सुरुवात त्याच रात्री पार्किंगमध्ये होते. क्रीस जॉनीचा दुसऱ्या क्रमांकाचा चषक मोडतो, त्याचा गळा आवळतो आणि त्याला सोडवतात ते मियागी. माझ्या मते सगळी मालिका त्या पार्किंगमधून उगवली आहे.

हे मी एवढ्या पोटतिडकीने का लिहिते? १९९१ मध्ये, चौदाव्या वर्षी, मी जिल्हा स्पर्धेच्या अंतिम फेरीत एका गुणाने हरले. माझे तेव्हाचे सर परतीच्या एसटीत तीन तास माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, ते पदक घरी ठेवून ये, इथे दाखवू नकोस. पदक अजून माझ्याकडे आहे. त्यामुळे जॉनीच्या चेहऱ्यावरचं ते मला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

माझी बारा वर्षांची मुलगी मालिका पाहून कराटेच्या क्लासला जायचं म्हणते. मालिकेत तर शाळेच्या जिन्यात मारामाऱ्या! पाठवू का? क्लास कसा निवडू? (एक आई, ठाणे)

पाठवा. दुसऱ्या सीझनच्या शेवटची शाळेतली मारामारी मात्र तिच्याबरोबर बसून बघा. जॉनीचा शिष्य मिगेल डॅनियलच्या शिष्याला, रॉबीला, सोडून देतो, माफी मागतो, आणि पुढच्याच क्षणी रॉबीच्या लाथेने कठड्यावरून खाली पडतो. पुढचा अख्खा सीझन त्या एका लाथेची किंमत मोजण्यात जातो. मुलं ते बरोबर ओळखतात, माझ्या क्लासमधल्या मुलांनी ओळखलं.

क्लास निवडताना भिंतीवरचे चषक मोजू नका. तासभर कोपऱ्यात बसा आणि एखादं मूल हरलं की सर काय करतात ते बघा. पाणी प्यायला सांगतात का, कुठे चुकलं ते दाखवतात का, की पाठ फिरवतात? बसू देत नसतील तर दुसरा क्लास बघा. तीन महिन्यांत नवीन बेल्टची हमी देणाऱ्यांकडेही जाऊ नका.

मियागी डॅनियलला शिकवतात ती मियागी-दो ही खरी शैली आहे का? मला तीच शिकायची आहे. (इयत्ता दहावी, कोल्हापूर)

त्या नावाची शैली सिनेमाने रचलेली आहे, पण तिचं मूळ खरं आहे बाळा. ओकिनावा बेटावर नाहा गावात १८८८ मध्ये जन्मलेल्या चोजुन मियागी यांनी गोजू-र्यू ही शैली उभी केली. पटकथाकार रॉबर्ट मार्क केमन तीच शिकला होता. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात काही टवाळांनी त्याला मारलं, म्हणून तो कराटेकडे वळला. पहिला शिक्षक नुसता सूड शिकवणारा निघाला, म्हणून तो सोडून त्याने ओकिनावाची वाट धरली. म्हणजे क्रीस आणि मियागी दोघेही त्याने आधी आयुष्यात पाहिले होते. सिनेमात मियागी डॅनियलला गाडीला मेण लावायला लावतात, तेव्हा हात गोल फिरतो ना? गोजू-र्यूमधला 'मावाशी उके' हा बचाव असाच गोल असतो. तो शीक. डॅनियलची ती शेवटची, एका पायावरची करकोचा लाथ पडद्यासाठी आहे, ती शाळेत करून बघू नकोस.

मियागींचं काम करणारे पॅट मोरिता हयात नसताना मालिकेने मियागींचं नाव इतकं वापरणं योग्य होतं का? (एक वाचक, पुणे)

पहिल्या पाच सीझनबद्दल माझं उत्तर हो आहे. मोरिता २००५ मध्ये गेले. मालिकेत त्यांची जागा कुणालाच दिली नाही, फक्त फोटो, घर, बाग आणि आठवणी ठेवल्या. तिसऱ्या सीझनमध्ये डॅनियल ओकिनावाला जातो आणि दुसऱ्या सिनेमातली त्याची मैत्रीण कुमिको त्याला मियागींचं जुनं पत्र वाचून दाखवते, तिथे मी रडले. मोरितांची भूमिका मोठी का, तेही सांगते. पहिल्या सिनेमात मियागी एका रात्री जुना लष्करी गणवेश घालून दारू पितात. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेसाठी युरोपात लढत असताना त्यांची बायको आणि बाळ अमेरिकेतच, जपानी वंशाच्या लोकांना डांबलेल्या मांझानार छावणीत, बाळंतपणात गेलेले असतात. खुद्द मोरितांचं बालपण मणक्याच्या क्षयामुळे रुग्णालयात गेलं आणि चालायला लागल्यावर त्यांना तिथून थेट अशाच छावणीत नेलं. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं.

सहाव्या सीझनमध्ये स्वप्नात संगणकाच्या मदतीने मियागींचा चेहरा आणला, ते मला आवडलं नाही. त्या डोळ्यांत मोरिता नव्हते.

डॅनियल मूळचा आमच्या न्यू जर्सीचा, नेवार्कचा! मुलांना सगळं क्रमाने दाखवायचं आहे. काय आधी लावू? (एक वाचक, एडिसन)

आधी १९८४ चा सिनेमा, मग १९८६ चा, मग मालिकेचे तीन सीझन. चौथ्यात टेरी सिल्व्हर हा तिसऱ्या सिनेमातला खलनायक येतो, त्याच्याआधी १९८९ चा तो तिसरा भाग बघून घ्या, सिनेमा कच्चा असला तरी. २०१० चा जॅकी चॅनचा सिनेमा वेगळा आहे, त्यात कुंग फू आहे. मालिकेसाठी तो लागत नाही. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला मुलांना खायला काही आणायला उठू देऊ नका. पार्किंगमधला तो मोडलेला चषक तिथेच आहे.