मासा ओळखीच्या खुणा पाहून वाट शोधतो, तेव्हा त्याच्या मेंदूत काय होतं?

या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. खूण दिसणं वेगळं आणि खुणेवरून आपण कुठे आहोत हे कळणं वेगळं. माशाच्या मेंदूत ही कामं वेगवेगळ्या भागांत चालतात.

दिसण्याचं काम मुख्यतः मध्यमेंदूच्या छतात, म्हणजे ऑप्टिक टेक्टममध्ये होतं. उजव्या डोळ्याचे जवळपास सगळे तंतू डाव्या टेक्टममध्ये जातात, डाव्याचे उजव्यात. दृष्टिपटलावर जे बिंदू शेजारी, ते इथेही शेजारी. त्यामुळे खडक कोणत्या बाजूला आहे ते लगेच कळतं. पण मासा वळला की हे चित्रही वळतं, म्हणून निव्वळ टेक्टमवर वाट लक्षात राहणार नाही.

पुढे माहिती प्रीग्लोमेरुलर नावाच्या मधल्या केंद्रांतून अग्रमेंदूच्या वरच्या भागात, म्हणजे पॅलियममध्ये पोचते. बहुतेक माशांत हा भाग भ्रूणात बाहेरच्या बाजूला उलगडतो. म्हणून आपल्या हिप्पोकॅम्पसशी, म्हणजे जागा लक्षात ठेवणाऱ्या भागाशी, जुळणारा भाग त्यांच्यात बाहेरच्या कडेला असतो. आकृतीत तो मध्यभागी शोधणारे हमखास चुकतात. झेब्राफिश या छोट्या माशाच्या पिल्लांत, पिल्लू ठरावीक जागी असतानाच सक्रिय होणाऱ्या अग्रमेंदूतल्या पेशी 2024 मध्ये दाखवल्या गेल्या.

दिशेचं खातं आणखी मागे, पश्चमेंदूच्या पुढच्या टोकाला. तिथल्या पेशींची हालचाल वर्तुळात फिरते, पिल्लू डावी-उजवीकडे वळेल तशी, आणि अंधारातही. नुसत्या वळण्यावरून दिशेचा असा अंदाज घेतला की त्यात चूक साठत जाते. ती सुधारायला बाहेरची खूण हवी. या पेशींचे तंतू इंटरपेडंक्युलर नावाच्या केंद्रात जातात, आणि हॅबेन्युला या मेंदूतल्या छोट्या जोडभागापैकी प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या डाव्या भागाचेही तंतू तिथेच येतात. माझ्या मते दिशेचा अंदाज आणि बाहेरची खूण यांची जुळवणी पाहायची तर इथे पाहावी.

मासा खरंच जागा ओळखतो की पाठ केलेलं वळण घेतो, हे तपासायला अधिक चिन्हाच्या आकाराची टाकी वापरतात. समजा खाणं पश्चिमेच्या फाट्यात आहे आणि गोल्डफिशला नेहमी दक्षिणेकडून सोडलं, म्हणजे त्याला डावीकडे वळावं लागतं. आता त्याला उत्तरेकडून सोडा. तो पुन्हा डावीकडे, म्हणजे पूर्वेला गेला, तर वळण पाठ. पश्चिमेला गेला, तर आसपासच्या खुणांवरून जागा ओळखली. पॅलियमची बाहेरची कड काढलेल्या गोल्डफिशना हे दुसरं जमत नाही. खाण्याजवळच ठेवलेल्या ठळक खुणेकडे मात्र ते नीट पोहत जातात. आंधळे झालेले नसतात, हे यावरून कळतं.

हा प्रयोग फसतो तो बहुधा खुणांमुळे नाही, तर न मोजलेल्या गोष्टींमुळे. खाण्याचा वास पाण्यात पसरतो, म्हणून चारही फाट्यांत तेवढंच खाणं ठेवायचं, तिघांत जाळीआड. चाचणीच्या फेरीत खाणं काढूनच टाकायचं. काचेच्या भिंतीत प्रतिबिंब दिसतं, तेव्हा भिंती अपारदर्शक आणि चकाकी नसलेल्या घ्या. फेऱ्यांच्या मध्ये टाकी फिरवायची, पण बाहेरच्या खुणा जागच्या जागी ठेवायच्या, नाहीतर भिंतीवरचा एखादा ओरखडाही खूण ठरतो. आणि माणसाने रोज एकाच बाजूला उभं राहू नये. माशाला तीही खूण चालते.