पंधरा दिवसांनी पुन्हा या: मनाच्या आजारांबद्दल वाचकांचे प्रश्न

नैराश्य, चिंता यांसारख्या बहुतेक आजारांवर घराजवळच्या दवाखान्यातही उपचार होऊ शकतात, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न: आम्ही विक्रोळीला राहतो. आई ५२ वर्षांची आहे. वर्षभर छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, झोप नाही. ईसीजी झाला, टूडी इको झाली, सगळं नॉर्मल. शेवटी महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी बराच वेळ विचारपूस करून एस्सिटालोप्राम सुरू केली. ही तर मनाची गोळी निघाली! त्या साध्या एमबीबीएस आहेत. त्यांनी ती द्यावी का?

द्यावी. आणि त्यांनी दिली हे फार बरं झालं.

तुमच्या आईंसारखे पेशंट मानसोपचार विभागाची पायरी चढतच नाहीत. 'मला उदास वाटतं' असं ते म्हणत नाहीत. डोकं जड होतं, अंगात ताकद नाही, घास गिळवत नाही, बीपी लो झाल्यासारखं वाटतं, असं सांगतात. मग कोणी बी-१२ चं इंजेक्शन देतं, कोणी सलाईन लावतं, आणि केस पेपरांची थप्पी वाढत जाते. तुमच्या डॉक्टरबाईंनी ती साखळी तोडली. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तेवढं करून घ्या, कारण दोन्ही बिघडली की नेमक्या अशाच तक्रारी होतात.

राहिला अधिकाराचा प्रश्न. एमबीबीएस डॉक्टर नैराश्य-चिंतेवरची ही औषधं लिहू शकतात. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तर सरकारी दवाखान्यांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्राथमिक आणि तातडीच्या मानसिक उपचारांचं प्रशिक्षण द्यावं अशी तरतूदच आहे. त्यामागचं गणित सोपं आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०० प्रौढांपैकी १० ते ११ जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता. विकारानुसार यातल्या ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. देशात दर १ लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरत नाही. मुंबईतल्या केईएम आणि सायन या मोठ्या रुग्णालयांच्या ओपीडीत सगळ्यांनाच पाठवायचं म्हटलं तर रांग रस्त्यावर येईल, आणि ज्यांना खरोखर तिथेच जायची गरज आहे ते त्या रांगेत हरवतील.

डॉक्टरबाईंनी पुन्हा कधी बोलावलं आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तारीख दिली नसेल तर मागून घ्या. पंधरा दिवसांनी जायलाच हवं.

प्रश्न: मलाही दवाखान्यातून अशीच गोळी दिली होती. आठ दिवस घेतली. मळमळ झाली, फरक काहीच नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, सवय लागते. बंद केली. चूक झाली का?

चूक तुमची कमी, न सांगणाऱ्याची जास्त. ही गोळी सुरू करताना तीन गोष्टी तोंडी सांगायलाच हव्यात. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि थोडी अस्वस्थता होऊ शकते आणि ती बहुतेकांची पुढच्या आठवडाभरात ओसरते. मनावरचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. आणि बरं वाटल्यावरही गोळी निदान सहा महिने चालू ठेवायची, मग डॉक्टर ती हळूहळू उतरवतात. म्हणजे तुम्ही नेमक्या अशा दिवशी सोडलीत की त्रास भोगून झाला होता आणि गुण यायचा होता. पंचविशीच्या आतलं कोणी असेल तर सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं. बेचैनी वाढली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं.

सवय लागते ती वेगळ्या गोळ्यांची. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेसाठी किंवा घाबरल्यावर देतात त्या. घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटतं, म्हणूनच लोकांना त्या 'खऱ्या' वाटतात, आणि काही आठवड्यांत त्यांच्यावाचून झोप येईनाशी होते. गंमत अशी की या गोळ्या वर्षानुवर्षं बिनतक्रार घेणारेच एस्सिटालोप्रामला नावं ठेवतात. त्या काकूंच्या डब्यात काय आहे ते एकदा पाहा. (या गोळ्या असल्याच, तर काकूंनाही एकदम बंद करायला सांगू नका. त्या टप्प्याटप्प्यानेच सोडाव्या लागतात.)

पुन्हा दवाखान्यात जा. उरलेली पट्टी आणि केस पेपर घेऊन जा.

प्रश्न: मी पूर्व उपनगरात महापालिकेची आरोग्य सेविका आहे. गरोदर बाया, लसी, टीबी, सगळ्याची रजिस्टरं आमच्याकडे. दोन महिन्यांचं बाळ असलेली एक बाई मागच्या भेटीत म्हणाली, 'जगून तरी काय करायचंय?' मी विषय बदलला. जास्त विचारलं तर नसलेलं तिच्या डोक्यात घालू, अशी भीती वाटते.

तुमच्या पत्राला जास्त जागा देतो आहे, कारण दवाखान्यातल्या आम्हा कोणाच्याही आधी ही वाक्यं तुमच्या कानावर पडतात.

विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. तो असेल तर आधीच आत असतो, आणि कोणीतरी सरळ विचारलं की बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं. फक्त दारात सासूबाई उभ्या असताना विचारायचं नाही. बाळाचं वजन करायचंय असं सांगून तिला हेल्थ पोस्टला बोलवा. बाजूला बसवा आणि साध्या शब्दांत विचारा: 'ताई, कधी असं वाटतं का, की जगूच नये?' हो म्हणाली तर पुढचं: 'स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं? कसं, ते ठरवलंय का? आधी कधी तसं केलं होतं का? बाळाबद्दल काही वाईट मनात येतं का?' मध्ये बोलू नका. 'असं बोलू नये, बाळाकडे बघ' हे तर मुळीच म्हणू नका. ते तिला घरात रोज ऐकवलं जातंच.

मनात येतं पण ठरवलेलं काही नाही, असं असेल तर त्याच दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरांची गाठ घालून द्या आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा घरी जा. ठरवलेलं असेल, आधी प्रयत्न झालेला असेल, बाळाला इजा करण्याचे विचार असतील, किंवा तिला कोणी नसताना आवाज ऐकू येत असतील, विचित्र संशय वाटत असेल, तर तिला एकटं सोडायचं नाही. विश्वासाचं कोणीतरी सोबत घेऊन थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्यायचं. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत असं वेडंविद्रं वागणं अचानक सुरू होतं आणि तासातासाला बदलतं, म्हणून उद्यावर ढकलू नका. घरातल्या साठवलेल्या गोळ्या, उंदराचं औषध दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्या. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक मदतवाहिनीचा फुकट नंबर दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. तिच्यासाठी लावा, तुम्हाला स्वतःला काही सुचेनासं झालं तरी लावा.

आणखी एक. तुम्ही बहुधा त्याच वस्तीत राहता. तिने सांगितलेलं नळावर पोचलं की त्या गल्लीत यापुढे कोणी तुमच्याशी बोलणार नाही. पेशंटची माहिती गुप्त राखणं कायद्यानेही बंधनकारक आहे. तेव्हा घरोघरी फिरवायच्या रजिस्टरात हे लिहू नका, डॉक्टरांच्या कागदावर जाऊ द्या.

प्रश्न: लालबागला माझी जुनी जनरल प्रॅक्टिस आहे. संध्याकाळी दाराबाहेर बाकडं भरलेलं असतं. पेशंटमागे तीन-चार मिनिटं. यात मानसिक आरोग्य कुठे बसवू?

सगळ्यांना विचारू नका. दुखणं बदलत राहतं पण रिपोर्ट नेहमी नॉर्मल, झोपेच्या गोळीची चिठ्ठी मागणारे, औषधं चालू असूनही साखर न उतरणारे, इतक्यांनाच दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत उदास, निराश वाटलं का? आधी आवडायच्या त्या गोष्टींत रस वाटेनासा झालाय का? एकालाही हो आलं तर त्या पेशंटला दुपारच्या निवांत वेळी बोलवा. गोळी लिहिण्याआधी मात्र आणखी एक प्रश्न चुकवू नका: कधी कित्येक दिवस झोपेविना भलताच उत्साह, वारेमाप खर्च, बडबड असं झालं होतं का? झालं असेल तर तो पेशंट तज्ज्ञाकडे, कारण नुसत्या नैराश्याच्या गोळीने त्याचा उन्माद उसळू शकतो.

गोव्यात झालेल्या 'मानस' अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांना दवाखान्यात बसवलं होतं. आजार समजावणं, पुढच्या तारखेला आला नाही तर मागे लागून बोलावणं, हे त्यांचं काम. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी नैराश्य-चिंतेच्या १०० पेशंटपैकी ६६ जण बरे झाले. समुपदेशक नव्हते तिथे ४२-४३. खासगी दवाखान्यांत मात्र दोन्ही गट जवळपास सारखेच बरे झाले. माझ्या मते याचं एक कारण असं असावं, की तुमच्यासारख्या डॉक्टरांना पेशंटचं सगळं घर ठाऊक असतं. ते भांडवल तुमच्याकडे आहेच. कंपाउंडरकडून तारीख चुकवणाऱ्यांना फोन तेवढा करवून घ्या.

महापालिकेला मात्र माझं सांगणं वेगळं आहे. प्रश्नावल्या भरून घेण्याची मोहीम काढायची आणि पुढे समुपदेशकाची खुर्ची रिकामी ठेवायची, याला माझा विरोध आहे. विचारून वाऱ्यावर सोडलेला माणूस पुन्हा तोंड उघडत नाही.

प्रश्न: भावाला स्किझोफ्रेनिया आहे. ठाण्याच्या मनोरुग्णालयातून औषधं चालू आहेत, आता बरा आहे. कुर्ल्याहून दर महिन्याला खाडा करून जावं लागतं. जवळ कुठे मिळतील?

स्थिर असलेल्या पेशंटची तीच औषधं जवळच्या दवाखान्यातून पुढे चालू ठेवणं हे प्राथमिक सेवेचं कामच आहे. ठाण्याच्या डॉक्टरांकडून औषध, डोस आणि 'हे दिसलं तर परत पाठवा' असं स्पष्ट लिहून आणा. तुमच्या दवाखान्यात ते औषध येत नसेल तर सायनच्या मानसोपचार ओपीडीत बदली करून मागा. तिथे जायला तुम्हाला खाडा पडणार नाही, फार तर अर्धा दिवस. फक्त क्लोझापिन चालू असेल तर तज्ज्ञाचा हात सोडू नका, त्यात पांढऱ्या पेशी ठरल्या वेळी मोजाव्या लागतात.

प्रश्न: गोवंडीहून लिहितो. बायकोचा एमडीआर टीबीचा (नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीचा) कोर्स चालू आहे. हल्ली ती रडते, विचित्र बोलते. खासगी डॉक्टरने नैराश्याची गोळी लिहून दिली आहे. सुरू करू?

आज सुरू करू नका, आधी टीबीच्या डॉक्टरांना दाखवा, आणि तेही आजच. टीबीची औषधंही आपल्या मनाने बंद करू नका. तिच्या कोर्समध्ये सायक्लोसेरिन असेल तर त्यानेच असं होऊ शकतं, आणि डोस कमी करायचा की औषध बदलायचं ते त्यांनीच ठरवायचं असतं. लिनेझोलिड असेल तर नैराश्याच्या बऱ्याच गोळ्यांबरोबर त्याचं जमत नाही: ताप, थरथर, गोंधळ अशी धोक्याची प्रतिक्रिया येऊ शकते. दोन्हीकडच्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची पाकिटं एकाच पिशवीत घालून न्या.

प्रश्न: मेडिक्लेममध्ये मानसिक आजार बसतो का?

बसतो. शारीरिक आजाराला जसं संरक्षण, तसंच मानसिक आजाराला द्यावं, असं २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं (वर आला तोच) कलम २१ सांगतं. कंपनीने नकार दिला तर तो लेखी मागा. बहुतेक पॉलिसी दाखल झाल्याशिवाय पैसे देत नाहीत, तेव्हा ओपीडीच्या गोळ्यांचं बिल त्यात धरू नका.