महायुद्धानंतरच्या कष्टकऱ्यांवरची माझी आवडती मालिका : कॉल द मिडवाइफ

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कष्टकरी माणसांवरची आवडती मालिका कोणती, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर बीबीसीची 'कॉल द मिडवाइफ'.

लंडनच्या ईस्ट एंडमधलं पॉप्लर, गोदी कामगारांची वस्ती. गोष्ट सुरू होते १९५७ साली. युद्ध संपून बारा वर्षं झालीत, तरी बॉम्बनं पडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यात पोरं खेळतायत. तिथं नन्सच्या मठात राहणाऱ्या सुइणी सायकलवरून घरोघर बाळंतपणं करत फिरतात. सुईण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गावातली अनुभवी म्हातारी येते. या मात्र परीक्षा देऊन आलेल्या नर्सेस. आणि १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झालेली, त्यामुळे बाळंतिणीला एक पैसाही द्यावा लागत नाही. गोदीवर रोजंदारी करणाऱ्याच्या घरात याचा अर्थ काय होतो, ते ही मालिका भाषण न देता दाखवते.

जेनिफर वर्थ यांनी तिथं खरोखर हे काम केलं होतं; त्यांच्या आठवणींवरून हायडी थॉमस यांनी मालिका लिहिली. ती जानेवारी २०१२मध्ये सुरू झाली, पण वर्थ २०११मध्येच गेल्या होत्या. याची मला दर वेळी हळहळ वाटते.

पहिल्याच भागात चोवीस मुलांची आई असलेली कोंचिता भेटते. नवऱ्याला स्पॅनिश येत नाही, तिला इंग्रजी येत नाही, तरी संसार सुखाचा! पंचविसावं बाळ दिवस भरण्याआधीच येतं, अगदी मूठभर. त्याला दवाखान्यात न्यायचं म्हणतात, तर ती देतच नाही. उराशी धरून बसते आणि ते जगतं. या प्रसंगात तिच्या घराची कुठंही कीव केलेली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं मिसेस जेंकिन्सनं. वस्तीत कुठं बाळ झालं की ही फाटकी म्हातारी दाराशी येऊन चौकशी करते. लोक तिला हाकलतात. हळूहळू कळतं, तिची पोरं वर्कहाउसमध्ये, म्हणजे सरकारी अनाथ-गरीबखान्यात, एकेक करून मेली, आणि ती कुठं पुरली हेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंतरचा दफनभूमीतला प्रसंग मी एकटीनंच पाहते, कुणासोबत बघवत नाही.

पुढच्या सीझन्समध्ये गोडवा जरा वाढतो, हे खरं. तरी थॅलिडोमाइडचं कथानक चुकवू नका. गरोदर बायकांना उलट्यांसाठी दिलेल्या त्या गोळ्यांमुळे हातापायांत व्यंग असलेली मुलं जन्मली; १९६१च्या अखेरीस ब्रिटनमध्ये ते औषध मागे घेतलं. मालिकेतल्या डॉक्टर टर्नरनंच ते विश्वासानं लिहून दिलेलं असतं. सत्य समजल्यावरचा त्याचा चेहरा बघा.

सुरुवात पहिल्या भागापासूनच करा. मधूनच उचललीत तर वस्ती ओळखीची व्हायला वेळ लागेल.