पोटातली नळी घाईने काढू नका

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या लिव्हरमध्ये हायडॅटिडची गाठ होती. नाशिकला ऑपरेशन झालं, आता घरी आहेत, पण पोटातल्या नळीतून हिरवट पाणी येतच आहे. दीर म्हणतात, डॉक्टरांनी नस कापली, नळी काढून टाका. खरं काय? — एक वाचक, सिन्नर तालुका

उत्तर : ताई, ते हिरवं पाणी म्हणजे पित्त. हायडॅटिड म्हणजे कुत्र्याच्या जंताच्या अंड्यांमुळे होणारी पाण्याची गाठ. मोठी गाठ शेजारच्या बारीक पित्तनलिकांना भिडलेली असते. गाठ रिकामी केली की त्यांची तोंडं उघडी पडतात. ऑपरेशनमध्ये त्या पोकळीत पांढरं गॉज दाबून हिरवा डाग उमटतो का ते आम्ही बघतो आणि दिसेल ते भोक शिवतो. तरी एखादं भोक नंतर वाहू लागतं. म्हणूनच नळी ठेवतात. ती घरी ओढून काढलीत, तर तेच पित्त पोटात साठून पू होईल. तेव्हा दिरांना जरा आवरा.

रोज सकाळी ठरल्या वेळी पिशवी मापाच्या भांड्यात रिकामी करा. किती मिली आणि रंग कसा, वहीत लिहा. पिशवी कायम कमरेच्या खाली हवी. सिन्नरहून एसटीने येताना माणसं लाजेपोटी ती शर्टात वर खोचतात आणि नळीला पीळ बसतो. आकडा उतरत असेल तर बहुतेकदा काही आठवड्यांत गळती आपोआप थांबते. उतरत नसेल तर ईआरसीपी करतात : तोंडातून दुर्बीण घालून पित्तनलिकेचं तोंड थोडं मोकळं करतात, स्टेंट म्हणजे बारीक नळी आत बसवतात आणि पित्त आतड्याकडे वळतं. स्टेंट काढायची तारीख मात्र कॅलेंडरवर लिहून ठेवा. विसरलेला स्टेंट तुंबतो आणि ताप आणतो.

पिशवी अचानक कोरडी पडून पोट फुगलं, हुडहुडी भरून ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा पिशवीत रक्त दिसलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. काविळीची माळ घालत बसू नका. मुळात ही ती कावीळच नव्हे.

अल्बेंडाझोलच्या, म्हणजे जंतावरच्या, गोळ्या दिल्या असतील तर मनाने बंद करू नका. आणि घरी मेंढरं असतील, तर कापलेल्या जनावराची कलेजी-फुप्फुसं कुत्र्यांना टाकणं थांबवा. त्यातल्या अशाच गाठींतून हा जंत कुत्र्याच्या आतड्यात जाऊन वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून आपल्या हाताला, भाजीला लागतात. कुत्र्यांना जंताचं औषध जनावरांच्या डॉक्टरांना विचारून द्या.